दारू सोडायला कुठं जायचं, तेवढा पत्ता छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी चौकाचौकांत ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत दुधाचे पेले वाटले जातात. २ ते ८ ऑक्टोबरच्या व्यसनमुक्ती सप्ताहात शाळेतल्या पोरांची फेरी निघते. दोन्हींचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, यावेतही. कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरला दुधाचं महत्त्व पटवायला वेळ लागत नाही. पण १ जानेवारीच्या सकाळी दाढी करताना हात थरथरतोय म्हणून ज्याला ब्लेड खाली ठेवावं लागतं, त्याला त्या फोटोचा काय उपयोग? दारू वाईट, हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याला पत्ता हवा असतो. आज संध्याकाळी कुठं जायचं, कुठल्या जिन्यानं चढायचं, आत कोण असतं, पैसे किती लागतात. हा पत्ता आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरात दोन ओळींत मावतो. तो छापावा, एवढ्यासाठी हे पत्र. आणि तो वाचून घराबाहेर पडणाऱ्याला पुढं जे लागेल तेही सोबत लिहितोय, म्हणून पत्र लांबलं आहे. काटछाट करायची झाली तर इतिहास काढा, दवाखान्याचा भाग काढू नका.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सगळे ज्याला ए.ए. म्हणतात ती दारू सोडू पाहणाऱ्यांचीच एकमेकांना आधार देणारी संघटना, तिच्या मीटिंगांबद्दल आम्ही बोलतोय. आम्ही ए.ए.चे प्रवक्ते नाही; ए.ए.ला प्रवक्ता नसतोच. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रन नावाच्या गावी १९३५ साली बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब नावाचा सर्जन एकमेकांना भेटले. बिल पाच-एक महिने न प्यालेला, डॉ. बॉब अजून दारूत बुडालेले. डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून, हा ए.ए.चा वाढदिवस मानतात. भारतात हे काम १९५७ पासून चालतं, मुंबईत त्याचं देशाचं कार्यालय आहे, मूळ पुस्तक मराठीतही मिळतं. फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. जात, पक्ष, तालीम, पेठ कुणी विचारत नाही; कोल्हापुरात हे मुद्दाम सांगावं लागतं.

‘नुसत्या गप्पा मारून दारू सुटते होय?’ हा प्रश्न दर वेळी येतो. कॉक्रेन या संस्थेनं २०२० साली २७ अभ्यास, त्यांतली १०,५६५ माणसं, असा सगळा पुरावा तपासला. पूर्ण दारू बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्याकडं पद्धतशीर वळवणारे उपचार इतर मान्य समुपदेशनाच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरले. दुसरा आकडा आपल्या देशातला. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागं एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो, आणि दवाखान्यात दाखल होऊन मिळणारा १८० जणांमागं एकाला. उरलेल्यांना जागाच ठाऊक नसते, किंवा ठाऊक असलेली जागा चुकीची असते.

चुकीची कशी, ते बघा. मोबाईलवर ‘दारू सोडवणे कोल्हापूर’ असं टाकलं की सगळ्यात वर येतात खासगी केंद्रांच्या जाहिराती. फोन लावला की पलीकडचा माणूस गोड बोलतो, पेशंटचं वजन किती, घरी माणसं किती हे विचारतो, आणि ‘गाडी पाठवतो’ म्हणतो. ती गाडी ए.ए.ची नसते. ए.ए. कुणाला उचलून नेत नाही, कोंडून ठेवत नाही, महिन्याचं पॅकेज सांगत नाही. चांगली निवासी केंद्रंही आहेत; पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे, आणि बऱ्याच जणांना आधी अशा ठिकाणी राहावंच लागतं. फक्त केंद्र वेगळं आणि मीटिंग वेगळी, हे ध्यानात ठेवा. केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणायचं, मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात हे विचारायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसन येतं, आणि त्या कायद्यानं साखळीनं बांधायला साफ बंदी आहे. नातेवाइकांना महिनाभर भेटू देणार नाही म्हणणाऱ्या दारातून तसंच मागं फिरावं.

मीटिंग शोधायची खरी वाट अशी. ए.ए. इंडियाच्या संकेतस्थळावर राज्य आणि शहर निवडलं की मीटिंगांची यादी मिळते. तिथल्याच हेल्पलाईनवर फोन केला की बहुधा दारू सोडलेलाच माणूस उचलतो. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या, मनोविकार विभागाच्या ओपीडीत विचारा. खासगी मनोविकारतज्ज्ञांकडंही गटांचे नंबर असतात. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६, दोन्ही फुकट. टेली-मानसवर मराठीतून बोलता येतं. यादी मिळाली म्हणून लगेच रिक्षा करू नका. गट बहुतेक शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची खोली अशा भाड्याच्या जागेत भरतात. परीक्षा आल्या, शाळेत मतदान केंद्र लागलं, मांडव पडला की जागा बदलते, आणि यादीवर जुनीच राहते. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलपाशी दहा मिनिटं थांबून माणूस खाली उतरतो, आणि कोपऱ्यावरचं परमिट रूम उघडंच असतं. म्हणून आधी फोन. विचारायचं एवढंच : आजची मीटिंग नक्की आहे का, जवळची खूण कोणती, मजला कोणता, ‘खुली’ आहे की ‘बंद’, आणि खाली उतरून कुणी घ्यायला येईल का. शेवटच्या प्रश्नाला लाजू नका. आत शिरायचं धाडस जिन्यापाशीच संपतं, हे गटातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

खुली म्हणजे घरचे, डॉक्टर, पोलीस, विद्यार्थी कुणीही बसू शकतं. बंद म्हणजे फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तो. बायको, भाऊ किंवा मेहुणा सोबत येणार असेल तर खुली मीटिंग बघा, नाहीतर सोबतच्या माणसाला दीड तास बाहेर चहाच्या गाड्यावर बसावं लागेल.

आता दवाखान्याचा भाग. मीटिंगच्याही आधी हा वाचावा.

जो रोज पितो, सकाळी उठल्या उठल्या ज्याला ‘उतारा’ लागतो, दोन-चार तास उलटले की ज्याचे हात कापतात, त्यानं घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, झोप उडते. ६ ते ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांत, कधी चौथ्या दिवशीही, काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसाशी बोलणं चालतं, ताप चढतो, छाती धडधडते, दिवस-रात्र कळत नाही. ही वेळ जिवावर बेतणारी असते. आपल्याकडं तिची ठरलेली तारीख आहे. गटारीला रात्रभर प्यायची आणि श्रावण लागला की कडकडीत बंद. तिसऱ्या दिवशी माणूस बरळायला लागला की घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं, आणि गाडी दवाखान्याऐवजी देवरस्क्याच्या दारात जाते. माळ घातली, मठात शपथ घेतली, जोतिबाला शब्द दिला, तरी शरीराचं हे वेळापत्रक चुकत नाही. शपथ घ्यायची तर जरूर घ्या, फक्त आदल्या दिवशी डॉक्टरला भेटून घ्या. पाच-सात दिवस कमी करत नेण्याच्या गोळ्या मिळाल्या तर हाच प्रवास पुष्कळ सोपा होतो. पूर्वी कधी दारू तोडताना फिट आली असेल तर दाखल होऊनच सोडायची, यात हुज्जत नको.

दोन गोष्टी आणखी. गावाकडं ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून आणू’ ही पहिली सूचना असते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. थायमिन आधी, हे डॉक्टरला विचारायला कचरू नका. दुसरं, माणूस मोटारसायकलवरून पडून किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला दाखल होतो, घरचे लाजेपोटी पिणं लपवतात, आणि तिसऱ्या रात्री तो सलाईनची सुई उपसून कॉटवरून उतरतो. दाखल करतानाच सांगा : रोज किती, शेवटची कधी. क्वार्टरच्या हिशोबात सांगितलं तरी चालतं, डॉक्टरला १८० मिली कळतं.

जाता जाता आपल्याच पानांबद्दल बोलतो, राग मानू नये. ‘दारू सोडवा, पेशंटला न कळवता’ अशा छोट्या जाहिराती जवळपास सगळ्याच वर्तमानपत्रांत येतात. आमटीत मिसळायच्या अशा पुड्यांत काय असतं हे घरच्यांना कधीच कळत नाही. त्यात डायसल्फिरम असेल आणि वर दारू पोटात गेली, तर दहा ते तीस मिनिटांत तोंड लालबुंद होतं, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याची तयारी असेल तरच. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू पोटात गेली तर त्रास होऊ शकतो, हेही सांगून. या जाहिराती बंद करा म्हणणं आमच्या हातात नाही. निदान त्याच पानावर मीटिंगचा पत्ता असावा.

मीटिंगला दारूचा वास मारत गेलं तर? कुणी हाकलत नाही. गोंधळ घातला नाही तर बसू देतात. बहुतेक गटांत त्या दिवशी फक्त ऐकायला सांगतात आणि मीटिंग संपल्यावर कुणीतरी बाजूला घेऊन बोलतं. हात कापत असतील तर नव्या माणसाला चहाचा कप अर्धाच भरून देतात. कुणी काही बोलत नाही, कप फक्त अर्धा असतो.

आतलं चित्र साधं असतं. खुर्च्या किंवा सतरंजी, समोर टेबल, भिंतीवर बारा पायऱ्या (दारूतून बाहेर पडायची वाट) आणि बारा परंपरा (गट चालवायचे नियम) यांचे फलक. बहुतेक मीटिंगा संध्याकाळी सात-साडेसातला लागतात, तास-दीड तास चालतात. ही वेळ काही उगीच ठरलेली नाही; उद्यमनगरातल्या कारखान्यांची सुट्टी आणि पहिला पेग यांच्या मधला तासच तिथं काढायचा असतो. सुरुवातीला दोन मिनिटं शांतता, मग ए.ए. म्हणजे काय याचा छोटा उतारा वाचतात, एखादी पायरी वाचतात, आणि शेअरिंग सुरू होतं. चेअरवर बसलेला एकेकाला बोलावतो. बोलणारा नाव सांगतो, आडनाव नाही, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो, आणि पाच-सात मिनिटं स्वतःचं बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी घेत नाही. कट्ट्यावरच्या चर्चेची सवय असलेल्याला हे फार अवघड जातं. नव्या माणसाला विचारतात, बोलायचंय का. ‘आज ऐकतो’ म्हटलं की विषय संपला. मध्येच एक टोपली किंवा पिशवी फिरते. जागेचं भाडं, चहा, पुस्तकं यातूनच भागतं, कारण बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही ही त्यांची सातवी परंपरा आहे. दहा-वीस टाकणारे टाकतात. नवख्यानं काही टाकलं नाही तरी चालतं. शेवटी उभं राहून प्रार्थना होते.

प्रार्थना आणि ‘परमेश्वर’ या शब्दावर पुष्कळ जण अडखळतात, आणि शाहूंच्या, सत्यशोधकांच्या गावात अडखळणं साहजिक आहे. पायऱ्यांत शब्द आहेत ‘आम्हाला समजलेला परमेश्वर’. कुणाला ती अंबाबाई, कुणाला तो समोर बसलेला गट. नास्तिक माणसं वर्षानुवर्षं न पिता तिथं बसलेली असतात. प्रार्थनेला नुसतं उभं राहिलं तरी भागतं. आमच्या मते या शब्दावर पहिल्याच दिवशी वाद घालणं म्हणजे न जायला सबब शोधणं. तीन महिने जाऊन मग खुशाल घाला.

खरी भीती वेगळीच असते : पेठेतलं कुणी भेटलं तर? भेटेल. कोल्हापूर एवढंच आहे. तोही तिथं त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं हा नियम सगळे पाळतात कारण प्रत्येकाचं काहीतरी त्यात अडकलेलं असतं. तरीही जड वाटत असेल तर शाहूपुरीच्या माणसानं सुरुवातीला दुसऱ्या भागातल्या किंवा दुसऱ्या गावच्या गटात जावं. इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर आहे. मोबाईलवरच्या ऑनलाईन मीटिंगाही असतात, मराठी-हिंदीतून. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. स्त्रियांना हा मार्ग जास्त सोयीचा पडतो. पिणाऱ्या बाईकडं घर आणि गाव कसं बघतं हे वेगळं सांगायला नको, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीनं बसणं सोपं नाही. तिनं फोनवर आधी विचारावं, गटात दुसरी स्त्री आहे का. नसेल तर स्त्रियांच्या ऑनलाईन मीटिंगचा दुवा मागावा.

एका मीटिंगवरून ठरवू नका. पहिल्या दिवशी एखाद्याचं घर विकलेलं, एखाद्याचं यकृत गेलेलं ऐकून माणूस सुटकेचा श्वास टाकतो, ‘आपण अजून तिथवर नाही आलो.’ आणि परत येत नाही. तिथं बसलेल्यांतला प्रत्येक जण कधीतरी हेच म्हणालेला असतो. वेगवेगळ्या वारांच्या, जमल्यास दोन वेगळ्या गटांच्या मिळून सहा मीटिंगा बसा आणि मग मत बनवा. जुनी माणसं ‘९० दिवसांत ९० मीटिंगा’ सांगतात. एका गटाची मीटिंग रोज नसेल तर शहरातले दोन-तीन गट आणि ऑनलाईन असा वार लावून घ्यावा लागतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या सेकंड शिफ्टवाल्यांना संध्याकाळ मिळतच नाही, त्यांनी सकाळच्या आणि रविवारच्या मीटिंगा विचाराव्यात. पगाराचा दिवस, आठवड्याचा बाजार, निवडणुकीतलं रस्सा मंडळ आणि मित्राच्या पोराचं बारसं, या चार दिवशी मीटिंग चुकवायची नाही. उपाशीपोटी, रागात, एकटं असताना आणि थकलेलं असताना पहिला पेग सुचतो, असं तिथले लोक सांगतात. साडेसहाला पोटभर खाऊन निघणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

मीटिंगनंतरची दहा मिनिटं मीटिंगइतकीच कामाची. तेव्हा दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्यायचे, आणि घेतलेल्यांतला एक दुसऱ्याच दिवशी लावायचा, काही काम नसताना. तल्लफ आल्यावर पहिल्यांदाच फोन लावायला माणसाचं मन धजत नाही. महिनाभरात कुणाचं बोलणं आपल्याला लागू पडतं ते कळतं, त्याला स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांची वाट दाखवणारा जुना सोबती, व्हाल का विचारायचं. वर्षभर तरी न प्यालेला, आपल्याच लिंगाचा, नात्यातला किंवा भावकीतला नसलेला. त्याच्याशी पैशाचा व्यवहार करायचा नाही. गटात उसनवारी शिरली की दोन माणसं मीटिंगला यायची बंद होतात, देणारा आणि घेणारा. नव्या बाईशी फार गोड बोलणाऱ्या जुन्या सदस्यापासून तिनं लांब राहावं, हेही स्पष्ट लिहिलेलं बरं. आणि ‘गोळ्या कशाला, मीटिंग पुरे’ असं कुणी सांगितलं तर ते त्याचं खासगी मत समजावं. औषध डॉक्टर ठरवतो, ए.ए. औषधाच्या वाटेला जात नाही.

घसरण होते. चार महिने बंद, आणि एका लग्नात एक बिअर. त्यानंतर लाजेनं जे तोंड लपवतात ते वर्षभर दिसत नाहीत. दुसऱ्याच दिवशी जाऊन ‘काल प्यालो’ म्हणणाऱ्याला तिथं टाळ्या मिळतात, उपहासाच्या नव्हेत. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून होते, एवढंच.

घरच्यांसाठी वेगळा गट असतो, अल-ॲनॉन, १९५१ साली स्थापन झालेला. बायका, आया, बाप, भाऊ तिथं बसतात. त्याला कसं सोडवायचं हे शिकवणारा तो वर्ग नाही, आणि ही गोष्ट कळेपर्यंत बऱ्याच जणी नाराज असतात. मी त्याला दारू लावली नाही, त्याचं पिणं माझ्या ताब्यात नाही, मी ते बरं करू शकत नाही, इथून सुरुवात होते. मग रोजच्या गोष्टी येतात. कारखान्यात फोन करून ‘यांना ताप आलाय’ सांगणं थांबवायचं. बारवाल्याची उधारी आपण भागवायची नाही. बाटल्या शोधून मोरीत ओतत बसायचं नाही, तो दुसरी आणतो. प्यालेल्या माणसाशी वाद नाही. बोलायचं ते सकाळी. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट बघायची नाही : ११२ वर पोलीस, १८१ वर महिला हेल्पलाईन. नवरा ए.ए.ला जायला तयार नसला तरी बायकोनं अल-ॲनॉनला जायला हरकत नाही. बायकांनी मतदान करून गावातलं दारूदुकान बंद पाडलं, ‘बाटली आडवी’ झाली, तरी पिणारा शेजारच्या गावात जाऊन उभी करतो, हे मतदान केलेल्या बायकाच सांगतात.

तालुक्यांचं दुखणं वेगळं. गडहिंग्लजहून कोल्हापूर साठ-पासष्ट किलोमीटर. मीटिंग साडेआठला संपली तर एसटी कुठली? चंदगडचं तर बोलायलाच नको, तिथून गोव्याची स्वस्त बाटली जवळ आणि मीटिंग लांब. यावर उपाय त्यांच्या परंपरेतच आहे : दोन-तीन मद्यपी न पिण्यासाठी एकत्र बसले की तो गट होऊ शकतो. ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एक खोली, आठवड्यातला एक ठरलेला वार, एक किटली, मराठी पुस्तकाची एक प्रत आणि मुंबईच्या कार्यालयात नोंद. सरपंचांनी खोली द्यावी, भाडं नाममात्र का होईना घ्यावं, कारण फुकट ते घेणार नाहीत. उद्घाटन, सत्कार आणि फलकावर आपलं नाव एवढं फक्त मागू नये. पहिले सहा महिने दोनच खुर्च्या भरतील. तेव्हा वार बदलायचा नाही; ज्या दिवशी तिसरा येईल त्या दिवशी दार उघडं सापडलं पाहिजे.

कारखानदारांनाही एक सांगणं. हजेरीचा दाखला मागू नका, ए.ए. सदस्यांची नोंदच ठेवत नाही. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस साडेसहाला सोडा.

आता आपल्या सदराविषयी. ए.ए. स्वतःची जाहिरात करत नाही, वर्तमानपत्रात सदस्याचं पूर्ण नाव आणि फोटो येऊ देत नाही. ही त्यांची अकरावी परंपरा. पण मीटिंग कुठं, किती वाजता, हे कळवायला त्यांची ना नाही. तेव्हा गटाकडून कळेल तेवढंच छापावं : वार, वेळ, इमारतीचं नाव, खूण, मजला, खुली की बंद, आणि कुणाचा खासगी नंबर नव्हे तर गटाचा किंवा हेल्पलाईनचा नंबर. अल-ॲनॉनची ओळ वेगळी. दर तीन महिन्यांनी फोन करून खात्री करावी, दहावी-बारावीच्या परीक्षांत आणि निवडणुकीत तर हमखास. शक्य झालं तर रविवारी एकदा पूर्ण जिल्ह्याची यादी. कात्री लावून पाकिटात ठेवण्याजोगी छोटी चौकट असावी. माणूस ती महिनोन्‌महिने पाकिटात घेऊन फिरतो आणि मग एक दिवस काढतो. वार्ताहर पाठवायचा तर खुल्या मीटिंगला पाठवा, आधी विचारून. छायाचित्रकार पाठवू नका, पाठमोरासुद्धा नको. कोल्हापुरात माणूस पाठीवरूनही ओळखतात.

आमची नावं आपल्याकडं दिली आहेत, ती छापू नयेत.

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातले काही जण,
कोल्हापूर

ता. क. : गटाचा नंबर संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात उचलला गेला नाही तर तो बंद आहे असं समजू नये. मीटिंगमध्ये फोन बंद ठेवतात. नऊ वाजता पुन्हा लावावा.